बाईंची पट्टी : कराओकेसाठी गाणं निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत आता भागाभागांत कराओकेचे ग्रुप आहेत. कुणाच्या तरी बंगल्याचा हॉल, एक मिक्सर, दोन माइक, समोर टीव्हीवर सरकणारे शब्द आणि महिन्याची वर्गणी. ३१ जुलैला रफीसाहेबांची पुण्यतिथी, ४ ऑगस्टला किशोरकुमारांची जयंती, ८ सप्टेंबरला आशाताईंचा जन्मदिवस, २८ सप्टेंबरला लतादीदींची जयंती, या तारखांभोवती वर्षाचे कार्यक्रम ठरतात. त्यातला सप्टेंबर सांगलीकरांच्या जास्त जिव्हाळ्याचा. मंगेशकर कुटुंब इथं राहिलेलं, आणि आशाताई १९३३ साली जन्मल्या त्याही सांगलीच्याच मातीत. त्यामुळे लता-आशा यांच्या गाण्यांची संध्याकाळ आपल्या ग्रुपनं दणक्यात करावी असं प्रत्येक अॅडमिनला वाटतं.

हे प्रकरण अशाच एका ग्रुपमधल्या शिक्षिकेचं आहे. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, मीही तसंच म्हणेन. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाण्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. नाव दिलं की वाचणारा तेच गाणं घेऊन बसतो, आणि बाईंना सोसलेलं गाणं दुसऱ्याच्या गळ्याला सोसेलच असं नाही.

बाईंनी पन्नाशी ओलांडली आहे. माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतात. भरलेला वर्ग, छताचा पंखा आणि बाहेर रस्त्यावरची एस.टी., या सगळ्यांच्या वर आवाज काढून वर्षानुवर्षं शिकवलेलं. लहानपणी गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही गायनाची परीक्षा झालेली. तेव्हाच्या क्लासमध्ये सगळ्या मुलींना एकत्र काळी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, गायला बसवत. ‘माझी पट्टी काळी पाच’ हे तेव्हा मनात बसलं, ते आजवर तसंच होतं.

मी मिरजेत आवाजाचे आणि सुगम संगीताचे वर्ग घेते. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा पावसाळा सुरू झाला होता आणि कार्यक्रम सप्टेंबरात होता.

अडचण

बाईंनी कार्यक्रमासाठी लतादीदींचं एक संथ, फार लोकप्रिय गाणं निवडलं होतं. कॉलेजात असल्यापासूनचं त्यांचं आवडतं. मुखडा छान जायचा. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला आवाज फाटायचा. कधी फाटायचा नाही, तेव्हा मानेच्या शिरा ताणून, हनुवटी वर करून स्वर कसाबसा गाठला जायचा, पण शब्द कळायचे नाहीत.

‘मॅडम, वरती गेलं की आवाज तुटतोय बघा. रियाज कमी पडतोय माझा,’ असं त्या म्हणाल्या. म्हणून पहाटे उठून तीच ओळ घोळायच्या. शाळेत पहिल्या तासाला आवाज बसलेला असायचा. ग्रुपमध्ये कुणी ‘बाई, तुमचा आवाज जरा जाड आहे, तुम्ही आशाताईंचं घ्या’ असं सुचवलं होतं, ते त्यांना लागलं होतं.

तक्रार रियाजाची वाटत होती, पण तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. एक, गळा थकलेला होता. दोन, बाईंचा आवाज वयानुसार खाली सरकला होता आणि त्यांच्या मनातली पट्टी जुनीच होती. पाळी थांबण्याच्या सुमारास स्वररज्जू थोडे जाड होतात, आवाज उतरतो आणि वरचे स्वर आखडतात. बऱ्याच बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. तीन, ते गाणंच मोठ्या पल्ल्याचं होतं.

पहिला निर्णय : आधी डॉक्टर

घसा बसण्याला तीन आठवड्यांच्या वर झाले असतील, तर गाण्याचा विचार नंतर करायचा, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. बाईंना हे पटायला वेळ लागला. कार्यक्रम जवळ आलेला, आणि ‘शाळेतल्या सगळ्याच शिक्षकांचा घसा बसतो’ हे त्यांचं म्हणणं. तरी गेल्या. दुर्बिणीतून पाहिल्यावर स्वररज्जूंना सूज आढळली, गाठ नव्हती. काही दिवस कमी बोलायचं, कुजबुजायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं आणि पहाटेचं ताणून गाणं बंद, एवढं डॉक्टरांनी सांगितलं.

ही सक्तीची विश्रांती आमच्या पथ्यावर पडली. गाता येत नव्हतं म्हणून आम्ही गाणं मोजायला बसलो.

गळा आणि गाणं, दोन्हींचं मोजमाप

हार्मोनियमवर सात पांढऱ्या आणि पाच काळ्या मिळून एका सप्तकात बारा पट्ट्या. त्या डावीकडून मोजायच्या; डावीकडचं सप्तक खालच्या स्वरांचं, उजवीकडचं वरच्या. कराओकेवाले ‘मायनस चार’ म्हणतात ते चार पट्ट्या खाली. एवढं समजलं की बाकीचा हिशोब कुणालाही करता येतो.

सूज उतरल्यावर एका संध्याकाळी बाईंचा पल्ला घेतला. सकाळी उठल्या उठल्या आवाज नेहमीपेक्षा खाली असतो, तेव्हाचं माप धरायचं नाही. थोडा वेळ ओठ मिटून गुणगुणल्यावर एकेक पट्टी वर जात राहिलो. प्रत्येक स्वरावर तीन प्रश्न : लागतो का, चार सेकंद स्थिर राहतो का, आणि हळू आवाजात त्यावर शब्द म्हणता येतो का. लोक पहिल्या प्रश्नावर थांबतात आणि तोच आपला पल्ला समजतात. माझ्या लेखी तिसरा प्रश्न निर्णायक. जो स्वर फक्त जोर लावून निघतो, तो स्टेजवर घाबरलेल्या माणसाला साथ देत नाही.

बाईंना उजवीकडच्या सप्तकातली पांढरी दोन लागत होती. पण हळू, शब्दासकट, स्थिर असं गाणं मधल्या सप्तकातल्या पांढरी सातपर्यंतच होतं. खाली डावीकडच्या सप्तकातल्या पांढरी चारपर्यंत आवाजाला अंग होतं, आणि ते अंग फार सुंदर होतं. भरलेला, मऊ खालचा आवाज. पांढरी चार ते पांढरी सात मिळून अठरा पट्ट्यांचा पल्ला, म्हणजे दीड सप्तक. पन्नाशीनंतर, एवढं शिकवून झालेल्या गळ्याला हा चांगला पल्ला आहे. कमी काहीच नव्हतं. गाणी चुकीच्या उंचीवर ठेवलेली होती.

‘सा’ कुठं धरावा हेही पाहिलं. काळी तीनवर त्या आरामात बसल्या. लहानपणीच्या काळी पाचपासून हे अंतर बरोबर चार पट्ट्यांचं.

मग गाणं मोजलं. बाईंनी चौकोनी वही काढली आणि निकालपत्रकासारखे रकाने आखले : ओळ, सर्वांत खालचा स्वर, सर्वांत वरचा स्वर, कुठल्या स्वरावर थांबावं लागतं, श्वास कुठं. मी हार्मोनियमवर स्वर शोधायचे, त्या लिहायच्या. आपल्या पल्ल्याबाहेरच्या स्वराला लाल पेनानं गोल. मुखड्यात एकही गोल नव्हता. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत सलग गोलच गोल. बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी नापास नाही, पेपरच बाहेरचा होता होय!’

त्या ओळीत आणखी दोन अडचणी वहीत दिसल्या. सर्वांत वरचा स्वर ‘ई’कारावर होता आणि त्यावर थांबायचं होतं. ‘ई’ला तोंड बारीक होतं, जबडा आवळतो, त्याच उंचीवर ‘आ’ असता तर निम्मा त्रास वाचला असता. शिवाय त्या ओळीआधी श्वासाला जागाच नव्हती. म्हणून दोन गाण्यांचा वरचा स्वर एकच असला तरी एक सोपं जातं आणि एक छळतं. गाणं तिथं नुसतं शिवून येतं की तिथंच मुक्काम करतं, कुठल्या अक्षरावर करतं आणि किती श्वास हाताशी ठेवून करतं, हे बघितल्याशिवाय वरच्या स्वराचा नुसता आकडा उपयोगाचा नाही.

गाण्याचा पूर्ण पल्ला डावीकडच्या पांढरी सहापासून उजवीकडच्या पांढरी तीनपर्यंत, म्हणजे एकोणीस पट्ट्यांचा निघाला. बाईंचा अठरा. खरा पेच इथं होता. मायनस चार केलं की खालचा स्वर बरोबर पांढरी चारवर येत होता, पण वरचा एका पट्टीनं बाहेर राहत होता. मायनस पाच केलं की वरचा आत यायचा आणि खालचा निसटायचा. स्केल, म्हणजे गाण्याची पट्टी, कितीही हलवलं तरी एकोणीस पट्ट्या अठरांत बसणार नव्हत्या.

समोर असलेले पर्याय

ओरिजिनल स्केलवरच ठेवून रियाज वाढवायचा, हा बाईंचा पहिला पर्याय. वरचे स्वर जोरानं न काढता हलक्या आवाजात काढण्याचं तंत्र शिकता येतं आणि पल्ला थोडा वाढतोही. पण त्याला महिने लागतात, आणि सुजून बऱ्या झालेल्या गळ्यावर अडीच महिन्यांची मुदत घालणं मला मान्य नव्हतं. हा पर्याय मी सरळ नाकारला.

दुसरा पर्याय तेच गाणं मायनस चारवर. यात ट्रॅकचा, म्हणजे गायिकेच्या आवाजाशिवायच्या तयार संगीताचाही प्रश्न येतो. वेग तोच ठेवून सूर खाली करण्याची सोय आता मोबाइलवरसुद्धा असते. मायनस दोन, मायनस तीनपर्यंत ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. त्यापुढे तयार ध्वनिमुद्रण ओढलं जाऊ लागतं : ढोलक सैल पडतो, बासरी घोगरी होते, आणि मागे कोरस असेल तर मुलींचे आवाज पुरुषी वाटायला लागतात. आम्ही मायनस चारचा ट्रॅक आधी फोनवर ऐकला, तेव्हा ठीक वाटला. हॉलच्या स्पीकरवर लावल्यावर तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, ढ्याब ढ्याब वाजायला लागला. निर्णय फोनवर ऐकून घ्यायचा नाही, हे इथं पक्कं झालं. वाद्यं संगणकावर स्वतंत्र वाजवून बांधलेला ट्रॅक असेल तर तो कुठल्याही पट्टीत स्वच्छ मिळतो, पण या गाण्याचा तसा ट्रॅक हाती लागला नाही.

तिसरा, आशाताईंचं गाणं घ्यायचं. ग्रुपमधला हा सल्ला प्रेमानं दिलेला होता, तरी मला तो अर्धाच पटतो. आशाताईंची सगळी गाणी खालच्या स्वरांत नाहीत. शिवाय त्यांच्या गाण्यातले झटके, मध्येच थांबून पुन्हा उसळणं, श्वासाचा खेळ, हे सगळं गळ्याकडून वेगळीच चपळाई मागतं. गायिकेच्या नावावरून पट्टी ठरत नाही. प्रत्येक गाणं वहीत उतरवून बघावं लागतं. तसं बघितल्यावर मात्र त्यांचं एक गाणं खरोखर बाईंच्या मापाचं निघालं. पल्ला सप्तकाहून थोडाच मोठा, वरचा स्वर उजवीकडची पांढरी एक, तोही ‘आ’कारावर आणि जाता जाता. मायनस दोन केलं की सगळं गाणं बाईंच्या मऊ भागात येत होतं.

चौथा पर्याय मला स्वतःला फार आवडलेला : पुरुषाचं गाणं. रफीसाहेबांचं एक गाणं डावीकडच्या पांढरी दोनपासून मधल्या पांढरी पाचपर्यंत जात होतं. तीन पट्ट्या *वर* नेलं की ते बाईंच्या पल्ल्यात नेमकं बसत होतं. खाली उतरवायची सवय लागलेल्यांना वर चढवून गाणं सोपं होतं हे खरंच वाटत नाही, पण खालच्या आवाजाच्या बायकांसाठी हा मोठा खजिना आहे. कार्यक्रम लता-आशा यांचा असल्यामुळे तेव्हा तो बाजूला ठेवावा लागला.

‘जाड’ आवाजाबद्दल

पर्यायांइतकंच एक बोलणं महत्त्वाचं होतं. बाईंना आपला खालचा आवाज कमीपणाचा वाटत होता. मी त्यांना गंगूबाई हनगल ऐकवल्या. घशावरच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाईंचा आवाज पुरुषी म्हणावा इतका खाली आणि भारदस्त झाला, आणि त्याच आवाजानं त्यांनी किराणा घराण्यात स्वतःची जागा केली. बाईंनी ते ध्वनिमुद्रण घरी नेऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. पुढं पट्टी खाली घेताना त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच कमी होत गेला, आणि माझ्या मते निम्मं काम तिथंच झालं.

दुसरा निर्णय : गाणं बदलायचं

बाईंचं आवडतं गाणं या कार्यक्रमापुरतं मागं ठेवायचं आणि आशाताईंचं मायनस दोनवर गायचं, असं ठरलं. ठरवलं बाईंनीच. मी दोन्ही गाणी त्यांना हळू आवाजात, माइकशिवाय, एका पाठोपाठ गायला लावली. दुसरं गाणं गाताना त्या शब्दांकडे लक्ष देत होत्या. पहिलं गाताना फक्त पुढं येणाऱ्या ओळीकडे. हा फरक त्यांना स्वतःलाच जाणवला, त्यामुळे मला काही समजवावं लागलं नाही.

अडचण आली ती ग्रुपकडून. नियम होता, ट्रॅक ओरिजिनल स्केलचेच. त्यामागे दोन कारणं होती. एक भावनेचं, की मूळ पट्टीत गाईल तोच खरा गायक. दुसरं व्यवहाराचं, की एकाच गाण्याच्या दोन-दोन फायली असल्या की ऐन कार्यक्रमात ऑपरेटर भलतीच लावतो.

पहिल्या कारणावर मी अॅडमिनशी मनापासून बोलले. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं, ज्या जिल्ह्यात नागठाण्याला बालगंधर्व जन्मले, तिथं पट्टीचा हा हट्ट मला समजत नाही. नाट्यपद कुठल्याही नटानं गायचं तर ऑर्गनवाला त्याच्या पट्टीत वाजवायचा. मिरजेत तंबोरा बनवतात तोही बायकांचा लहान आणि पुरुषांचा मोठा, आणि मैफलीत तो गाणाऱ्याच्या सुराला लावला जातो. कुणी विचारत नाही की या रागाची ओरिजिनल पट्टी कोणती. सिनेमाच्या गाण्याची पट्टी त्या दिवशी स्टुडिओत उभ्या असलेल्या गायिकेच्या गळ्याला धरून ठरलेली असते. ती त्या गळ्याची सोय होती. आपण तिला कसोटी करून टाकलं आहे.

दुसरं कारण रास्त होतं, त्यावर उपाय हवा होता. प्रत्येकानं फक्त आपली गायची फाइलच द्यायची, नावात कार्यक्रमातला क्रमांक आणि स्केल लिहायचं, आणि त्या पेनड्राइव्हवर दुसरं काहीही ठेवायचं नाही, असं ठरलं. अॅडमिन तयार झाले. नियम पूर्ण सुटला नाही. मायनस तीनच्या पुढं जायचं नाही, अशी मर्यादा त्यांनी घातली. ट्रॅकचा आवाज बिघडतो हे हॉलवर ऐकलेलं असल्यामुळे मी ती मान्य केली.

तिसरा निर्णय : ड्युएट

सगळ्यात अवघड गाठ ही होती. बाईंची ड्युएटची जोडी वीज खात्यातून निवृत्त झालेल्या काकांशी लागलेली. काकांचा आवाज खालचा, स्थिर आणि फार गोड. ते किशोरकुमारांची संथ गाणी गातात. जोडीनं निवडलेलं ड्युएट काकांना ओरिजिनल स्केलवर चपखल होतं. मुखड्याचा पहिलाच स्वर त्यांच्या गळ्याच्या तळाला टेकलेला, आणि तिथं त्यांचा आवाज खरंच सुंदर लागायचा. बाईंचा वरचा स्वर मात्र उजवीकडच्या काळी दोनवर. त्यांना मायनस चार हवं होतं. मायनस चार केलं की काकांचा पहिला शब्दच ऐकू येईना. नुसती हवा.

मायनस दोनवर तडजोड करून पाहिली. बाई दोन पट्ट्या वर ताणलेल्या, काका दोन पट्ट्या खाली बुडालेले. एकाला बरं वाटण्याऐवजी दोघंही अवघडले. काकांनी आपल्या ओळी एक सप्तक वर उचलून म्हणायच्या, हेही करून पाहिलं. ते थेट ओरडणं झालं. काका म्हणाले, ‘बाई, तुम्हीच जरा रेटा की वरती, दोनच ओळी आहेत.’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांची चिठ्ठी आठवून मी नको म्हटलं.

मग आम्ही उलटा विचार केला. ड्युएटला एकच ट्रॅक आणि एकच स्केल, त्यामुळे जोडीतल्या दोघांची अडचण विरुद्ध दिशांची असेल तर कुठलंही स्केल उपयोगाचं नाही. दोघांची अडचण एकाच दिशेची असेल असं गाणं शोधायला हवं. बाईंना वरचं झेपत नाही, तर काकांनाही वरचं झेपत नसेल असं ड्युएट हवं! म्हणजे काकांनी आजवर ‘हे आपलं काम नाही’ म्हणून टाळलेली गाणी. त्यात लतादीदी आणि रफीसाहेबांचं एक निघालं. पुरुषाच्या ओळी काकांना तीन पट्ट्या उंच होत्या. बाईंचा वरचा स्वर पांढरी दोन, म्हणजे त्यांनाही बरोबर तीन पट्ट्या उंच. मायनस तीनवर दोघंही एकदम आपापल्या जागी आले, आणि अॅडमिनच्या मर्यादेतही बसलं.

काका सुरुवातीला नाराज होते. रफीसाहेबांचं गाणं उतरवून गाणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. तालमीत डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून अंतऱ्याच्या वरच्या ओळीची वाट बघत उभे राहिले. ओळ आली आणि गेली. काकांनी डोळे उघडले. ‘हे असं सोपं असतंय होय!’ एवढंच म्हणाले आणि ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.

कार्यक्रम

संध्याकाळी साउंड चेकमध्ये पेनड्राइव्हचा उपयोग झाला. एकही फाइल चुकली नाही. बाईंचं एकल गाणं पहिल्या भागात होतं. मुखड्यालाच लक्षात आलं की त्या दाबून गात आहेत. स्टेजवर गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटर होता, पण त्यात ट्रॅक मोठा आणि बाईंचा आवाज बारीक. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप जोरात बोलतो आणि गातो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली याची नोंद केली, त्यांच्याच नावानं हा परिणाम ओळखला जातो. बाई वर्गात तेच करत आल्या आहेत. आमचं आधीच ठरलं होतं : बाईंनी डावा हात कानाकडे नेला की ऑपरेटरनं मॉनिटरमधला ट्रॅक कमी करायचा. तो त्यांनी नेला, ट्रॅक कमी झाला, आणि पहिल्या अंतऱ्यापासून आवाज सैल, मोकळा यायला लागला. खालच्या ओळींना सभागृह शांत होतं. गाणं संपल्यावर ‘जाड’ म्हणणाऱ्या सभासदांनीच येऊन हात हातात घेतला.

ड्युएट तितकं निर्दोष झालं नाही. दुसऱ्या अंतऱ्यात बाईंची एक ओळ सुराला किंचित खाली राहिली. पांढरी सात हा त्यांच्या सोयीच्या पल्ल्याचा काठ आहे, आणि कार्यक्रमाच्या शेवटी, दमलेल्या गळ्याला काठावरचा स्वर पूर्ण मिळाला नाही. काकांनी मात्र वरची ओळ अशी गायली की त्यांच्या मिसेसनी जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या.

माझ्यासाठी निकाल दुसऱ्या दिवशी लागला. बाईंचा सकाळी शाळेतून फोन आला आणि आवाज स्वच्छ होता. पहिला तास झालेला, दुसऱ्याला निघालेल्या.

पुन्हा करायचं तर काय वेगळं करता येईल

गाणी आधी आणि जोड्या नंतर, हा ग्रुपचा क्रम बदलायला हवा. जोड्या मैत्रीवरून लागतात, ते स्वाभाविक आहे. पण दोघांचे पल्ले शेजारी ठेवून मग गाणं निवडलं असतं तर आमचा तालमीचा बराच वेळ वाचला असता, आणि काकांना ‘तुम्हीच रेटा’ म्हणायची वेळ आली नसती.

सोयीच्या पल्ल्याच्या अगदी काठावरचा स्वर कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात ठेवू नये. बाईंचं ड्युएट आधी आणि एकल गाणं नंतर ठेवलं असतं, तर ती ओळ बहुधा सुरात बसली असती. क्रमपत्रिका लावताना लोक प्रेक्षकांचा विचार करतात, गाणाऱ्याच्या गळ्याचा करत नाहीत.

शाळेच्या बाजूनंही उपाय आहे. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागून येणारा माइक घेऊन वर्गात शिकवणारे शिक्षक आता दिसतात. बाईंनी तो कार्यक्रमानंतर घेतला. डॉक्टरांनी सूज सांगितली त्याच आठवड्यात घेतला असता तर गळा लवकर सावरला असता. सुरुवातीला त्यांना लाज वाटत होती. आता मुलंच तो चार्ज करून ठेवतात.

लतादीदींचं ते आवडतं गाणं बाईंनी सोडलेलं नाही. घरी मायनस चारवर, माइकशिवाय गातात. बाहेर राहणारी एक पट्टी आहे, त्या जागी वरच्या स्वरावर थांबण्याऐवजी त्याला नुसतं शिवून खाली यायची एक छोटी फिरत आम्ही बसवतो आहोत. मूळ चालीत ती नाही, आणि स्टेजवर ती घ्यावी की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. बाईंचं मत घेऊ नये असं आहे, माझं घ्यावी असं. तोवर जानेवारीतल्या कार्यक्रमासाठी रफीसाहेबांचं ते तीन पट्ट्या वर चढवलेलं गाणं तयार होत आहे. ग्रुपच्या नाव नोंदवायच्या फॉर्ममध्ये अॅडमिननी गाण्याच्या नावापुढं स्केलचा रकाना वाढवला आहे. काकांनी आपल्या तिन्ही गाण्यांसमोर तो भरून दिला.